अळंबीची खरी जागा

मावळात कुणी अळंबीची पिशवी घेऊन चाललेला दिसला आणि त्याला "कुठे मिळाली?" असं विचारलं, तर तो खरं सांगत नाही. विचारणाऱ्याचीही तशी अपेक्षा नसते. पद्धत म्हणून एक जण विचारतो, पद्धत म्हणून दुसरा खोटं सांगतो, आणि दोघं हसून आपापल्या वाटेने जातात. हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. तोपर्यंत मी माझ्या सासूबाईंचं प्रत्येक उत्तर खरं मानून वहीत लिहून ठेवलं होतं.

वहीचं कारण सांगतो. मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करतो. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि ठरलेल्या मापापेक्षा केसभर कमी-जास्त असलेला भाग बाजूला काढायचा, एवढंच काम. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. आमचं घर लोणावळ्यात तुंगार्लीला आहे. गच्चीवर मी पर्जन्यमापक बसवलाय आणि रोज सकाळी साडेसहाला त्यातलं पाणी मोजतो. लोणावळ्यात पावसाचे आकडे सगळ्यांच्याच तोंडी असतात, पण ते ऐकलेले असतात. माझा आकडा मोजलेला असतो.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने बुरशीशी युद्ध चालतं. चामड्याच्या पट्ट्याला आठवड्यात पांढरी दाढी फुटते. कपाटात दिवसा बल्ब लावून ठेवावा लागतो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये बुरशी माझ्या फेट्यापासून सुरू झाली आणि दरवर्षी बायकोच्या दिशेने सरकू लागली. मी पट्टी लावून मोजलं. वर्षाला चार मिलिमीटर. मधलं अंतर अठ्ठावीस मिलिमीटर होतं. मी बायकोला म्हटलं, "तुझ्या चेहऱ्यापर्यंत पोचायला अजून सात वर्षं आहेत."

ती म्हणाली, "अहो, मोजताय काय? पुसा."

बुरशीशी माझा संबंध होता तो असा. अळंबी म्हणजे त्याच बुरशीच्या जातीची वस्तू आहे हे शाळेत शिकलो होतो, पण ताटात वाढलेल्या गोष्टीकडे माणूस त्या नजरेने पाहत नाही.

सासुरवाडी कान्ह्याच्या पुढे, स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. दर श्रावणात सासूबाई एक दिवस पहाटे कुठेतरी जायच्या आणि सकाळी पिशवीभर अळंबी घेऊन यायच्या. श्रावणात घरात मटण बंद असतं, त्यामुळे अळंबीला जो मान मिळतो तो विचारू नका. कांदा-खोबरं भाजून वाटण, लसूण जरा जास्त, शेजारी इंद्रायणीचा भात आणि तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर मी विचारायचो, "आई, कुठे मिळाली?" त्या सांगायच्या आणि मी तारखेपुढे जागा लिहायचो.

दोन वर्षांपूर्वी जुन्या वह्या लावताना मी या नोंदी एकत्र केल्या. नोंदी सतरा होत्या. जागाही सतरा निघाल्या. एका वर्षी "पवना धरणाच्या भिंतीखाली" असं होतं. मी अंतर काढलं. त्या दिवशी सासूबाई सकाळी साडेसातला घरी चहा पीत होत्या, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने त्यांनी दोन तासांत जे अंतर कापलं होतं ते लोकललाही जमलं नसतं. पुढच्या भेटीत मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेक नोंद वाचून दाखवली.

सासूबाई ऐकत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"समदी लिवून ठिवलीत, जावईबापू? समदी?"

"हो. सतरा."

"मला बी आठवत न्हाई कवा काय सांगितलं ते. आन तुमी लिवून ठिवलंत!"

तेव्हा मला ती पद्धत समजावून सांगण्यात आली. बायको शेजारी बसून हसत होती. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "सगळ्यांनाच माहीत असतं. यात सांगायचं काय?"

पुढच्या श्रावणात सासूबाईंचा फोन आला. "रविवारी या. लेकीला आणू नका. येकलं या."

मी शनिवारी संध्याकाळीच गेलो. त्यांनी मला समोर बसवलं आणि सरळ विषय काढला.

"माजं गुडघं आता लय तर दोन पावसाळं काडतील. अळंबीची जागा कुनाला तरी दाखवून ठिवायला पायजे. न्हाईतर आबा हुडकून काडल, आन कुदळीनं समदं उचकून ठिवल. मग संपलंच."

आबा म्हणजे त्यांच्या मागच्या आळीत राहणारे सत्तरीचे गृहस्थ. गेली तीस वर्षं ते श्रावणात सासूबाईंच्या मागावर असत. त्यांची स्वतःची दोन वारुळं होती. तिथल्या अळंबीचं जमिनीतलं लांब मूळही चवीला चांगलं लागतं म्हणून त्यांनी कुदळीने खणून खणून मुळासकट काढली. दोन्ही ठिकाणी पुन्हा एकही अळंबी उगवली नाही. तेव्हापासून गावातलं चांगलं वारूळ एकच उरलं होतं, आणि ते फक्त सासूबाईंना माहीत होतं.

"पण मलाच का?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर एकेक जण मोजला. मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, एकदा हौसेनं अळंबी म्हणून काहीतरी भलतंच घेऊन आला होता. ते शिजवलं असतं तर आज बोटांवर मोजायला कुणी राहिलं नसतं. सून दवाखान्यात नोकरीला, सकाळी सातची पाळी. आणि लेक, म्हणजे माझी बायको, तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.

"तुमी कमी बोलता. आन माजं खोटं सतरा वर्सं संबाळलंत. तुमीच बरं."

माझी निवड चुकीच्या गुणावर झाली आहे, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सकाळी आम्ही निघालो. सासूबाईंच्या हातात विळा होता, गवत कापायला चालल्यासारखा. पिशवी मी शर्टाच्या आत ठेवली होती. आधी त्या उलट्या दिशेने गेल्या, मग एका बांधावरून परत फिरल्या, एका विहिरीला वळसा घातला. मी सवयीने पावलं मोजत होतो. अकराशे चाळीस झाली. खरं अंतर, मी नंतर काढलं, सातशे पावलांचं आहे. वरची चारशे चाळीस आबांसाठी होती.

गायरानात एक मोठी जांभूळ आहे. तिच्यापासून पूर्वेला बेचाळीस पावलांवर करवंदीची दाट जाळी. जाळीमागे वारूळ. सासूबाई थांबल्या आणि हनुवटीने समोर दाखवलं. अळंबीकडे बोट दाखवलं की ती सडते, अशी त्यांच्या माहेरची समजूत आहे. मला आधी काहीच दिसलं नाही. मग एक दिसली, आणि एक दिसल्यावर सगळ्याच दिसायला लागल्या. काही उघड्या छत्रीसारख्या, काही नुकत्या डोकं वर काढलेल्या, ठोकायचा राहिलेल्या खिळ्यासारख्या. मी मोजल्या. त्रेसष्ट.

सासूबाई खाली बसून खुडायला लागल्या. मी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. रविवार असला तरी तो खिशात असतो. एक मध्यम आकाराची निवडून तिच्या टोपीचा व्यास घेतला, एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर. वेळ सहा बावन्न.

"काय करताय?"

"माप घेतोय."

"मोजताय काय? खुडा!"

मायलेकींचं वाक्य एकच असतं, फक्त क्रियापद बदलतं.

मी ती एक सोडून बाकीच्या खुडायला लागलो. पावणेआठला पाच मिनिटं असताना तीच पुन्हा मोजली. छत्तीस पूर्णांक एक. अठ्ठेचाळीस मिनिटांत चार पूर्णांक सात मिलिमीटर. मी दोनदा मोजून खात्री केली, कारण कारखान्यात असं माप आलं असतं तर मी आधी उपकरण तपासायला पाठवलं असतं. असं कसं होतं ते मला नंतर मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून थोडं आणि इतर वाचनातून थोडं समजलं. अळंबीचा सगळा सांगाडा जमिनीखाली आधीच बारीक होऊन तयार असतो. टोपी, टोपीखालचे पापुद्रे, दांडा, सगळं घडी घालून ठेवलेलं. वेळ आली की त्यात फक्त पाणी भरत जातं आणि घडी उलगडते. वाढ दिसते ती या उलगडण्याची. खरी मेहनत त्याआधी कितीतरी दिवस खाली चाललेली असते.

मग मी सासूबाईंकडे एक अळंबी मुळापर्यंत उकरून बघायची परवानगी मागितली. "येकच," त्या म्हणाल्या, "आन हातानं." मी बोटांनी माती सैल करत गेलो. दांडा खाली बारीक होत गेला, मग दोरीसारखा, मग सुतळीसारखा. चोवीस सेंटिमीटर. एकतीस. अडतिसाव्या सेंटिमीटरला तो तुटला, आणि त्याच भोकातून वाळवीचे शिपाई बाहेर आले. त्यातला एक माझ्या अंगठ्याला असा चावला की झटकूनही सुटेना. मी एका हाताने टेप धरून दुसरा हात हवेत हलवत होतो. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं बी माप घ्या."

निघण्याआधी त्यांनी मला नियम सांगितले. पिळून खुडायची, उपटायची नाही. लहान कळ्या ठेवायच्या. पूर्ण उघडलेल्या चार म्हाताऱ्या तशाच सोडायच्या, त्या बी टाकतात. आम्ही छप्पन्न खुडल्या, चार म्हाताऱ्या आणि तीन कळ्या सोडल्या. मी हे लिहायला घेतलं, तशी त्यांनी वहीवर हात ठेवला.

"ह्ये लिवायचं न्हाई."

लिहून झालं होतं. मी पान फाडून दिलं. त्यांनी ते बारीक घडी करून मिश्रीच्या डबीत ठेवलं.

परत येताना त्यांचा गुडघा बोलायला लागला म्हणून आम्ही बांधावर टेकलो. मी त्यांना मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आपण खातो ते त्या बुरशीचं फळ आहे. बुरशीचं खरं अंग वारुळाच्या आत असतं. केसाहून बारीक पांढरे तंतू. ते फुटतात, पसरतात, पुन्हा एकमेकांना मिळतात, आणि त्यांचं जाळं होतं. त्याला ना पान, ना खोड.

"म्हंजी मी इतकी वर्सं फळं खुडतीया," सासूबाई म्हणाल्या, "आन झाड बगितलंच न्हाई?"

"झाड दिसतच नाही, आई."

"मग त्ये खातं काय?"

"वाळवी बाहेरून वाळलेली पानं, काटक्या चावून आणते, त्याचं आत पोळं बांधते. त्या पोळ्यावर हे तंतू वाढतात. त्यांना तोंड नसतं. ते आपला रस बाहेर सोडतात, अन्न बाहेरच पचवतात आणि मग शोषून घेतात."

"आदी पचवायचं आन मग खायचं?"

"हो."

"आमच्या सासूबाई तशाच व्हत्या. आदी भांडायच्या, मग इचारायच्या काय झालं." मग त्या म्हणाल्या, "म्हंजी वाळवी शेती करती."

"तसंच म्हणायचं."

"सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आबानं फळासाठी पोळंच फोडलं म्हना की. म्हनून परत आली न्हाई." मी दोन संध्याकाळी वाचन करून आलो होतो, तरी हा निष्कर्ष मला सुचला नव्हता.

रस्त्यावर आलो तेव्हा गावातला दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती. सासूबाईंना बसवलं. चढता चढता त्या हळूच म्हणाल्या, "कुनी इचारलं तर नदीच्या कडंला म्हनायचं."

"हो," मी म्हटलं.

हो म्हणायला काही अडचण नव्हती.

पुढच्या वळणावर मोरीच्या कठड्यावर आबा बसले होते.

"या, जावई! लय सकाळी?"

"हो, आबा. फिरायला."

इथपर्यंत ठीक होतं. मी फिरलोच होतो.

"पिशवी जड दिसतीया."

"एक किलो चारशे ग्रॅमच्या आसपास असेल. अजून तोलली नाही."

"अळंबी?"

"हो."

"कुटं घावली?"

आता 'नदी' हा शब्द काही अवघड नाही. मी तो जिभेवर आणला. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी न मोजलेल्या मापाखाली एकदाही सही केलेली नाही. एकदा साहेबांनी आग्रह केला होता, तेव्हा मला ताप भरला होता. आबा माझ्याकडे बघत होते. मला घाम फुटला. 'न' बाहेर आला आणि पुढे काही येईना. आणि मग मी बोलून गेलो.

"गायरानातल्या मोठ्या जांभळीपासून पूर्वेला बेचाळीस पावलं. करवंदीच्या जाळीमागे वारूळ आहे, तिथे. त्रेसष्ट होत्या, छप्पन्न खुडल्या."

आबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"लय भारी, जावई! तीस वर्सांत असं मला कुनी सांगितलं न्हाई!"

आणि हसत हसत गावाकडे गेले. तीस वर्षं न मिळालेलं उत्तर सकाळी सव्वाआठला फुकटात मिळाल्यावर माणूस हसणारच. मी पिशवी घेऊन उभा राहिलो. सासूबाईंचं तीस वर्षांचं गुपित मी दीड तास सांभाळलं होतं.

त्या दिवशी अळंबी उत्तम झाली होती असं सगळे म्हणाले. मी एकदाच वाढून घेतली. सासूबाईंना सांगायचं धैर्य झालं नाही, दुपारच्या लोकलने मी घरी आलो. मंगळवारी बायकोने कपाटातला बल्ब बदलताना सहज विचारलं, "रविवारपासून तुमचं काय बिनसलंय?" आणि मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हटलं, "आईंना मीच सावकाश सांगेन."

अकरा मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, नदी म्हनता येईना तुमाला? दोन अक्षरं."

"आई, आपण नदीवरून आणली नव्हती."

मग त्या म्हणाल्या, "रविवारी या. बगू काय ऱ्हायलंय." त्यांचा आवाज रागाचा असता तर बरं वाटलं असतं. तो म्हातारा झाला होता.

आठवडाभर घरातही वातावरण चांगलं नव्हतं. बायकोचं दुःख वेगळंच होतं.

"जागा तुम्हाला दाखवली. मला नाही दाखवली. मी पोटची मुलगी. मी काय गावभर सांगितलं असतं?"

"तू अकरा मिनिटांत सांगितलंस."

"ते आईला सांगितलं. आई म्हणजे गाव का?"

रविवारी तीही आली. जागाच राहिली नसेल तर मी बघितली काय आणि न बघितली काय, असं तिचं म्हणणं होतं. सासूबाई काठी घेऊन आमची वाट बघत होत्या. विळा घेतला नव्हता. घरातून निघाल्या त्या सरळ गायरानाच्या वाटेला लागल्या. बांध नाही, विहीर नाही, वळसा नाही. सहाशे अठ्ठावन्न पावलांत आम्ही जांभळीपाशी आलो. एवढं सरळ चालणं माझ्या मनाला फार लागलं.

जांभळीपाशी आलो आणि थांबलो. पश्चिमेकडची जमीन नांगरल्यासारखी उलटीपालटी झाली होती. खड्डेच खड्डे. मी मोजले, एकोणीस. त्यातला सर्वांत मोठा खड्डा कुठे आहे हे बघायला मी जांभळीपासून पावलं टाकत गेलो. बरोबर बेचाळीस पावलांवर होता. पश्चिमेला.

त्या खड्ड्याच्या काठावर आबा बसले होते. शेजारी कुदळ. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी घामाने भिजलेली, तळहाताला फडकं बांधलेलं. आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला, पण कंबर धरून परत बसले.

"जावई," ते म्हणाले, "आठ दीस झालं. जांभळीची ही बाजू झाली, नदीची कड झाली, पुलाखालचं बी झालं. आता चेष्टा पुरी. खरं सांगा."

मी पश्चिमेच्या खड्ड्यात उभा होतो. पूर्वेला, आबांच्या पाठीमागे, ती जाळी दिसत होती. माझ्या मागे सासूबाईंनी काठी जमिनीत रुतवल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि मला परत तोच घाम फुटला.

"आबा," मी म्हटलं, "पूर्वेला. बेचाळीस पावलं. ती बघा, तुमच्या मागे करवंदीची जाळी आहे ना, तिच्यामागे."

मी बोटही दाखवलं. सासूबाईंच्या माहेरची समजूत मोडली.

आबांनी मान वळवलीसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मला नमस्कार घातला.

"पाया पडतो तुमच्या, पाव्हणं. म्हातारी नुसतंच खोटं बोलायची. तुमी आकडं लावून बोलता! पावलं काय, पूर्व काय, छप्पन्न खुडल्या काय! कुटल्या साळंत शिकलात?" मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "वैनी, जावई तुमच्या वर गेला." आणि कुदळ खांद्यावर टाकून, कंबरेवर हात ठेवून, करवंदीच्या जाळीला वळसा न घालता सरळ तिच्या कडेने गावाकडे चालू लागले.

ते वळणाआड गेले. मग सासूबाई निघाल्या. जाळीपर्यंतची चौऱ्याऐंशी पावलं त्या इतक्या भराभर चालल्या की काठी हातात राहिली ती राहिलीच, टेकली नाही.

वारूळ होतं तसं होतं. सोडलेल्या चार म्हाताऱ्या काळ्या पडून विरघळल्या होत्या. त्यांच्या आजूबाजूला नव्या आल्या होत्या. एक्केचाळीस. सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, आणि हनुवटीने दाखवलं. बायको तिथेच मातीत बसली. कुणाशीही, कशाबद्दलही, एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारातली ही मी नोंदवलेली सर्वांत लांब शांतता, साधारण चार मिनिटं.

खुडून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता हितनं पुढं कुनी इचारलं तर तुमीच सांगत जा. असंच. आकडं लावून."

"आणि नदी?"

"नदीवर कुनी बी इस्वास ठिवंल. तुमच्यावर न्हाई." मग काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "पर येक ध्यानात ठिवा. तुमी खरं बोलता ह्ये गावात कुनाला कळू द्यायचं न्हाई."

त्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली. त्याच दिवशी दुपारी गिरणीवर दळण घेऊन गेल्या आणि तिथे जमलेल्या बायकांना सांगितलं, "जावई सोन्यासारखा हाय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. पर बोलन्यात येक शबूद खरा आसल तर शपथ." हे मला मेहुण्याने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "दाजी, तुम्ही असे आहात हे इतकी वर्षं कळलंच नाही."

या गोष्टीला वर्ष झालं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी एक पावसाळा काढला, दुसराही चालू आहे. यंदाच्या श्रावणात मी आणि बायको दोघं जाऊन अळंबी घेऊन आलो. चार म्हाताऱ्या सोडल्या. बायकोने जागा अजून कुणाला सांगितलेली नाही. ती म्हणते, सांगून उपयोग काय, मी तुमची बायको ना. येताना मोरीवर आबा भेटले. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, ते खूश झाले. शेजारी बसलेल्या दोघांना म्हणाले, "ऐकलंत? बेचाळीस म्हनं! दरसाली तोच आकडा. बदलत बी न्हाई!"

माझी तक्रार एकच आहे, आणि ती मी घरात कुणाजवळ करू शकत नाही. काल सकाळी साडेसहाला माझ्या पर्जन्यमापकात एकशे सदतीस मिलिमीटर पाणी होतं. दोनदा वाचलं. सासुरवाडीला भाताच्या खाचरांची काळजी असते म्हणून लगेच फोन केला.

"एकशे सदतीस," मी म्हटलं.

मेहुणा हसायला लागला. मग फोनवर हात ठेवून त्याने घरातल्या कुणाला तरी आकडा सांगितला, आणि तेही हसले.